लाल टाका आहे का बघा

शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या अण्णांना मोबाईल वापरायला मीच शिकवलं, आणि ही नसती उठाठेव आपल्याला कोणी सांगितली होती, असा प्रश्न मला पुढची चार वर्षं रोज दुपारी पडायचा. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांची लॉन्ड्री यांच्यामध्ये भिंत एकच. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की अण्णा काउंटरमागच्या स्टुलावर बसत, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत आणि ज्यांचं तोंड जन्मात पाहिलेलं नाही अशा लोकांचे डाग काढायला घेत. मध्येच भिंतीपलीकडून हाक येई, "ताई, हे अक्षर खोडायचं कसं?" मी हातातलं काम टाकून जायची. काय करणार, शिकवलं होतं ना.

सुरुवात वहिनींच्या मिक्सरवरून झाली. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. मिक्सर अडकून बसला होता आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. मी सहज 'अडलंय का?' नावाच्या समूहावर फोटो टाकून विचारलं. या समूहात कोणीही कोणालाही काहीही विचारतं. बरणीचं झाकण निघत नाही. कपाटाला कुबट वास येतो. वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे खुर्च्या सरकवतो, त्याला न भांडता कसं सांगू. आणि उत्तर देणारे त्याहून हौशी. ज्याच्या घरचा नळ सहा महिने गळतोय तो दुसऱ्याला वॉशर बदलायची रीत सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायला माणसांना किती आवडतं ते बघायचं असेल तर तिथे जावं. पण मिक्सरचं उत्तर दहा मिनिटांत आलं, आणि मिक्सर चालू झाला. कुण्या निवृत्त माणसाने भांडं फिरवायची दिशा चित्र काढून पाठवली होती.

अण्णांना मिक्सरचं काही नव्हतं. त्यांना त्या माणसाचं नवल वाटलं. ओळख ना देख, आणि तो आपल्यासाठी चित्र काढत बसला, असं ते दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मलाही त्यात घाला."

घातलं. महिन्याभरात ते समूहात 'डागवाले काका' झाले. उत्तर मोजकं द्यायचे, पण पक्कं. रक्ताच्या डागाला गरम पाणी दाखवू नका, कायमचा बसेल. थंड पाणी आणि धीर. शाईचा डाग घासू नका, पसरेल. खाली जुनं फडकं ठेवा आणि वरून स्पिरिट टिपा. तेलाच्या डागावर पावडर टाकून विसरून जा, सकाळी झटका. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी, न चुकता, एकच ओळ: कपडा उलटा करून कॉलरच्या किंवा अस्तराच्या आत लाल टाका आहे का बघा. असल्यास फोटो पाठवा.

लोकांना वाटलं, हीसुद्धा कृतीतलीच एक पायरी. ते इमानदारीत कपडे उलटे करून बघायचे आणि कळवायचे, काका, टाका नाही, चालेल ना? एका बाईने लिहिलं की टाका नव्हता म्हणून तिने स्वतःच एक घातला आणि डाग खरोखर लवकर गेला. कुणी सोफ्यावर सांडलेल्या कॉफीबद्दल विचारलं, त्यालाही लाल टाका. एकाने भिंतीवरच्या ओलीबद्दल विचारलं होतं, तिथे मी हात जोडले, "अण्णा, भिंतीला कॉलर नसते." तेवढी ओळ त्यांनी खोडली.

मी विचारलं होतं, हे काय खूळ आहे. ते म्हणाले, सवय. मी पुन्हा विचारलं तर त्यांनी मिठाची गुळणी धरली. नऊ वर्षांची शेजारीण मी, मला वाटायचं या माणसाच्या पोटातलं मला सगळं ठाऊक आहे. गुडघा कोणता दुखतो, वहिनींशी अबोला कधी आहे, चहात साखर चोरून कधी घेतात, सगळं. एक गोष्ट मात्र मला खटकायची आणि मी ती त्यांच्या तोंडावर सांगितलेली होती. अण्णा माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, कॉलरीकडे बघत. परगावचा कोणी कपडे घेऊन आला तर आधी कपडा उलटा करून आत बघत, मग नाव विचारत. गिऱ्हाइकांना ते अपमानाचं वाटे. मी म्हणायची, लोकांना वाटतं तुम्ही मळ शोधताय. ते म्हणायचे, वाटू दे.

मग तो कोट आला.

एका बाईने समूहावर लिहिलं होतं की तिचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. ते दुसऱ्या शहरात एकटे राहायचे. त्यांचा काळा लोकरी कोट ती घरी घेऊन आली, तर तारेच्या हँगरमुळे खांद्याच्या आतल्या बाजूला गंज लागलेला. कोट कुणी घालणार नव्हतं. तिला तो फक्त स्वच्छ हवा होता, कपाटात टांगून ठेवायला. अण्णांनी तिला नेहमीपेक्षा मोठं उत्तर दिलं. लिंबाचे दोन थेंब, पण आधी आतल्या शिवणीवर करून बघा. घासू नका, टिपा. लाकडी हँगर घ्या. आणि शेवटी ती ओळ.

अर्ध्या तासाने बाईने फोटो पाठवला. काका, टाका आहे. लाल आहे. हे काय असतं?

कॉलरच्या आत अस्तरावर एक छोटी उभी रेघ आणि तिच्यापुढे तीन फुल्या, लाल धाग्याने शिवलेल्या. झालं, समूहाला चेव आला. कुणी म्हणालं, शिंप्याची सही. कुणी म्हणालं, गुप्त संदेश, वडील नोकरी कुठे करायचे? एका हुशाराने सांगितलं की रेघ म्हणजे आई आणि फुल्या म्हणजे मुलं, तुम्ही भावंडं तीन का? ती एकुलती एक होती. मीही दुकानात बसून हसत होते, आणि आता कळवतेच की रेघ म्हणजे मुख्यमंत्री आणि फुल्या म्हणजे खाती, असं लिहायला घेतलं होतं.

तेवढ्यात अण्णा माझ्या दुकानात आले. पायात चप्पल नव्हती. हातातला मोबाईल पुढे करून म्हणाले, याची मोठी प्रत काढून द्या, रंगीत, निघेल तेवढी मोठी. मी म्हटलं रंगीत मशीन तापायला वेळ लागतो, बसा. ते बसले नाहीत. कागद बाहेर आला तेव्हा अजून गरम होता. त्यांनी तो काउंटरवर पसरला, चष्मा काढून अगदी नाक टेकवून बघितला, आणि एका फुलीवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हा माझ्या भावाचा हात आहे," ते म्हणाले.

अण्णांना भाऊ आहे हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्यापेक्षा थोडं सलग सांगते, कारण ते मध्ये मध्ये थांबत होते.

लॉन्ड्री मूळची त्यांच्या वडिलांची. तेव्हा आजच्यासारख्या छापील चिठ्ठ्या नव्हत्या. प्रत्येक घराला एक नंबर, आणि तो नंबर कपड्यावर आतून लाल धाग्याने शिवायचा. फुली म्हणजे एक, उभी रेघ म्हणजे पाच, आडवी रेघ म्हणजे दहा. हे टाके आई घालायची, आणि तिनेच दोन्ही मुलांना शिकवले. धाकटा डावखुरा. सगळे त्याला डावऱ्याच म्हणत. आईने त्याच्या उजव्या हातात सुई देऊन बघितली, बोटं टोचून घेतली त्याने, शेवटी तिने नाद सोडला. त्याचं काम सुबक होतं. फक्त फुलीतला वरचा धागा सगळ्यांचा जिकडे झुकतो त्याच्या उलट बाजूला झुकायचा. लाखात एखाद्याच्या लक्षात येईल इतकीच गोष्ट. अण्णांच्या लक्षात होती, कारण लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून ते शिवत होते.

वडिलांचा एक नियम होता: नंबर वाचायचा तो कपड्याची कॉलर वर धरूनच. कपडा आडवा धरला की उभी रेघ आडवी दिसते आणि पाचाचे दहा होतात.

एकतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दुकानात खूप गर्दी होती. सहा नंबरच्या घरच्या माणसाचा कोट धुऊन तयार होता. त्याच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि तो कोट त्याने त्यासाठीच धुवायला टाकला होता. अण्णांनी तो घडी घालता घालता हातावर आडवा टाकला, रेघ आणि फुली बघितली, आणि अकरा वाचलं. अकरा नंबरचं घर त्याच संध्याकाळी गाव सोडून चाललं होतं. त्यांच्या गाठोड्यात तो कोट गेला. दुसऱ्या दिवशी सहा नंबरवाला आला, कोट सापडेना, दुकानात तमाशा झाला. वडिलांनी विचारलं, कोणाचं काम? अण्णा म्हणाले, टाका याने घातला होता, याचा टाका उलटा असतो, वाचताना घोटाळा होतो.

सगळ्यांना ते लगेच पटलं. डावऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं होतं, तो घरातला लाडका पण वेंधळा म्हणून आधीच ठरलेला. वडील चारचौघांत म्हणाले की उद्यापासून सुईला हात लावायचा नाहीस. त्याने तोंडातून ब्र काढला नाही. सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. वर्षभरात आईला एक पत्र आलं, मी बरा आहे, शोधू नका. त्यावर पत्ता नव्हता.

"आणि कोट?" मी विचारलं.

कोट तीन महिन्यांनी पार्सलने परत आला. अकरा नंबरच्या लोकांनी चिठ्ठी जोडली होती, चुकून आमच्याकडे आला, माफ करा. पार्सल अण्णांनीच उघडलं. त्यांनी कोट कॉलर वर धरून पाहिला. उभी रेघ, एक फुली. अगदी स्वच्छ सहा. त्यात वाचायला घोटाळा होण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यांना आपला हात आठवला, हातावर आडवा टाकलेला कोट आठवला, आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वडील गेले. आई त्यानंतरही बरीच वर्षं होती. कोट परत आला एवढंच तिला कळलं होतं. ती दुकानाच्या दारात बसून म्हणायची, डावऱ्याला कोणीतरी सांगा रे, कोट आला परत, आता घरात कोणी त्याच्यावर रागावलेलं नाही.

मी ऐकून घेतलं आणि मग मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, वाईट वाटलं की आधी राग येतो. मी म्हटलं, चार वर्षं तुम्ही अख्ख्या दुनियेला कॉलरी उलट्या करायला लावल्या. सरळ एक ओळ लिहायची होती, माझा भाऊ हरवलाय.

"तसं लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का गेला," अण्णा म्हणाले. "त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी ते उत्तर दिलं. माझ्याच काउंटरवर बसून, एका बोटाने, पाऊण तास लागला त्यांना. मी टाइप करून देते म्हटलं तर मोबाईल माझ्यापासून लांब धरला. शेवटी समूहावर आलं ते चार ओळींचं होतं. हा टाका माझ्या धाकट्या भावाचा आहे. एकतीस वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला. चूक माझी होती, शिक्षा त्याला झाली. हे त्याला सांगायचं आहे, तो कुठे आहे ते शोधायला मदत करा.

मी ज्यांना रिकामटेकडे म्हणत होते त्या लोकांनी पुढचे नऊ दिवस जे केलं ते माझ्या सख्ख्यांनी माझ्यासाठी केलं नसतं, हे मी आता कबूल करते. कोटवाल्या बाईने वडिलांच्या सगळ्या खिशांतून, पुस्तकांतून पावती शोधली. पावती नव्हती, पण वडिलांनी गेल्या हिवाळ्यात कोट लॉन्ड्रीत दिल्याचं शेजाऱ्याने सांगितलं. म्हणजे गेल्या हिवाळ्यात तो हात टाके घालत होता. त्या शहरात राहणारे समूहातले सात जण निघाले. एकीने नकाशावर लॉन्ड्र्यांच्या खुणा केल्या. दोघांनी गल्ल्या वाटून घेतल्या. आणि एका शाळामास्तरने भारी डोकं चालवलं: तो नुसतं विचारत बसला नाही, प्रत्येक छोट्या लॉन्ड्रीत आपला एक एक शर्ट टाकत गेला. आठवडाभर माणूस दोन शर्टांवर शाळेत गेला. सहाव्या शर्टाच्या कॉलरीत त्याला लाल टाका मिळाला.

त्याने तीन फोटो पाठवले. एक टाक्याचा. एक दुकानाच्या पाटीचा, खाली फोन नंबर. आणि एक रस्त्यापलीकडून काढलेला: काउंटरमागे पाठमोरा माणूस, केस सगळे पिकलेले, डाव्या हाताने इस्त्री करणारा. मास्तरने विचारलं, आत जाऊन बोलू का? शंभरेक लोकांनी खाली लिहिलं, बोला बोला. अण्णांनी लिहिलं, नको. तुम्ही खूप केलंत. आता घरी जा.

तो पाठमोरा फोटो त्यांनी माझ्याकडून मोठा करून घेतला नाही. मोबाईलवरच बघत राहिले. वहिनींना दाखवला तेव्हा पहिल्यांदा वहिनींना खरी गोष्ट कळली. वहिनी लग्न होऊन आल्या त्यानंतर दीर दोनच वर्षं घरात होता, पण या बाईचे डोळे भरले. नवऱ्याशी त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आता तरी फोन करा.

फोन त्यांना जमेना. नंबर लावायचे आणि वाजायच्या आत कापायचे. मी म्हटलं, चार वर्षं परक्यांशी लिहून बोललात, याच्याशीही लिहूनच बोला. सोमवारी त्यांची लॉन्ड्री बंद असते. त्या सोमवारी सकाळी ते माझ्या दुकानात बसले आणि लिहिलं. मी वाचलं, त्यांनीच वाचायला दिलं.

सहा नंबरचा कोट मी अकराला दिला. मी आडवा धरून वाचला. तुझी चूक नव्हती. मी दादा.

मी एका मुलीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती काढत होते. बावीस पानं झाली असतील, तेव्हा उत्तर आलं. मला माहीत आहे. मी शेजारीच उभा होतो, कोट तुझ्या हातावर आडवा होता.

अण्णांनी ते पुन्हा एकदा वाचलं. एकतीस वर्षं ते समजत होते की भाऊ स्वतःला दोषी समजून गेला असेल. तो तर सगळं बघून गेला होता. तेवढ्यात दुसरी ओळ आली.

आईला सांगितलंस का?

त्या प्रश्नाला मी तयार नव्हते, अण्णा तर नव्हतेच. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. ती शेवटपर्यंत डावऱ्याची चूकच धरून बसली होती आणि शेवटपर्यंत त्याला माफ करत होती. मी पटकन म्हटलं, हो म्हणा. गेलेलं माणूस काय विचारायला येणार आहे? त्याला तेवढंच बरं वाटेल. तुम्हाला कोण पुरावा मागणार आहे? मी हे मनापासून म्हटलं होतं, आणि आजही मला ते फार चुकीचं वाटत नाही.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांकडे, कॉलरीकडे नाही. "एकदा दुसऱ्याच्या नावावर खोटं बोललो, ताई," ते म्हणाले. "आता आईच्या नावावर बोलू?"

त्यांनी लिहिलं, नाही. आई गेली, बारा वर्षं झाली. तिला वाटायचं तुझंच चुकलं. तिने तुला माफ केलं होतं.

शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचं बोट चार वेळा मागे आलं. न केलेल्या गोष्टीबद्दल मिळालेली माफी. असलं काही माणसाच्या हातात ठेवायला नको होतं, पण होतं ते तेवढंच होतं. संदेश गेला. खाली दिसलं की तो वाचला गेलाय. आम्ही दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत बसलो, वहिनी डबा घेऊन आल्या आणि न उघडता परत घेऊन गेल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. समूहावर लोक विचारत होते, काका, भेट झाली का, फोटो टाका, आम्हाला हक्क आहे. खरं तर होताही. अण्णा त्यावर काही लिहीत नसत. ते दुपारी स्टुलावर बसून कुणाच्या चहाच्या डागाचं, कुणाच्या लिपस्टिकचं उत्तर देत होते, नेहमीसारखं मोजकं. शेवटची ती ओळ आता नसायची. एका जुन्या सभासदाने विचारलं, काका, टाका बघायचा नाही का? त्यालाही उत्तर नाही. मी रोज सकाळी शटर उघडताना त्यांच्याकडे बघायची आणि ते मान हलवायचे. ती मान बघवत नसे. मी त्या दिवसांत त्यांच्याशी उगीच भांडण काढलं, पाण्याच्या नळावरून, सायकल कुठे लावली त्यावरून. भांडताना तरी माणूस बोलतो.

मी शेवटी स्वतः, कोणाला न सांगता, समूहावर प्रश्न टाकला. माझं नाव दिसणार नाही असा. कोणी उत्तर देत नसेल तर किती दिवस थांबायचं असतं? चाळीसेक उत्तरं आली. कोणी म्हणालं आठवडा, कोणी म्हणालं आपणच जावं, कोणी विचारलं मुलगा काय करतो. एकाने लिहिलं होतं, आपण त्याला किती दिवस थांबवलं होतं ते आधी मोजा. ते उत्तर मी कुणाला दाखवलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली नाही, अण्णाच आले. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मोठ्याने वाचा, मला नीट दिसत नाहीये. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

मी वाचलं. ये दादा. सोमवारी नको, दुकान चालू असेल तेव्हा ये. हात रिकामे असले की मला काही ऐकवत नाही. कोटाचं पुन्हा सांगू नकोस. आई माझ्याबद्दल काय काय बोलायची ते सगळं सांग. पहिल्यापासून सांग. मी काम करत ऐकेन.

मला इतका आनंद झाला की मी गाडीच्या वेळा बघायलाच घेतल्या. सकाळची गाडी बरी, दुपारपर्यंत पोचाल, वहिनींना न्यायचं की एकटे जाणार, दुकानाकडे मी बघते, असं मी एकटीच बोलत होते. अण्णा काउंटरला धरून उभे होते. तिकीट काढू का, असं मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते बोलले.

"सगळं कुठून सांगू, ताई? ती बारा-तेरा तास दारात बसून त्याचंच बोलायची. ती त्याचं काढायला लागली की मी इस्त्रीची वाफ सोडायचो. त्या आवाजात काही ऐकू येत नसे." त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. "एकोणीस वर्षं ती बोलली. कोट आला परत, रागावलेलं कोणी नाही, एवढं सोडलं तर मी एक अक्षर ऐकलेलं नाही."